ताई काय लिहील?

पोटात दुखतं म्हणतात ना, ते खरोखरच पोटात दुखतं. बरगड्यांच्या खाली, डाव्या अंगाला. माझी बहीण वर्गात तोंड उघडायची आणि मला बरोबर तिथे कळ यायची. डॉक्टरांनी विचारलं असतं तर ॲसिडिटी म्हणून सांगून मोकळी झाले असते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? जळत होते मी. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, लहानपणी एका जागी बसेल तर शपथ म्हणून जिचं नावच भिंगरी पडलं, शाळेत इंग्रजीत दोनदा आपटलेली, अशा पोरीवर मी जळत होते.

आमच्या घरात इंग्रजी म्हणजे मी. बँकेचा अर्ज असो, औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं असोत, नाहीतर शेजाऱ्यांच्या मुलाची फजिती झालेली मुलाखत असो, आई म्हणायची, "ताईला विचारा." मीही विचारायला आलेल्याला आधी त्याच्या चुका सांगायची, मग उत्तर. पंधरा-सोळा वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं मी. माझ्या वर्गातून बाहेर पडलेलं पोर झोपेत उठवलं तरी काळ ओळखायचं. भिंगरीलाही मीच शिकवायची. ती पुस्तकाऐवजी खिडकीतून खालच्या इस्त्रीच्या दुकानात कोण कोणाशी भांडतंय ते ऐकायची, आणि मी म्हणायची, पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे ती कशीबशी बी.ए. झाली आणि एका कंपनीच्या मदतकेंद्रात लागली. दिवसभर कानाला हेडफोन लावून चिडलेल्या लोकांशी इंग्रजीत बोलायचं काम. तिचं इंग्रजी ऐकून मी कान झाकून घ्यायची. कर्ता एकीकडे, क्रियापद भलतीकडे, पण लोक म्हणे फोन ठेवताना हसायचे.

मग माझी शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि आमच्यासारख्या चार-पाच जणी घरी बसल्या. घरी बसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. सकाळी सवयीने लवकर उठायचं, साडीला पिन लावायची आणि मग आठवायचं की जायचं कुठेच नाहीये. विद्यापीठातल्या इंग्रजी विभागात शिकवायची नोकरी मिळेल, पण त्यासाठी एम.ए. हवं, असं कळलं. मी नाव घातलं. लगेच भिंगरी म्हणाली, "ताई, मीपण येते. सकाळची बॅच आहे, माझी ड्यूटी दुपारची. तुला एकटीला कंटाळा येईल."

मला कंटाळा येईल म्हणून! हौस म्हणून आली हो ती. मी पोटासाठी आणि ही हौसेसाठी. मी मनात म्हटलं, येऊ दे, पहिल्या चाचणीत कळेल.

पहिल्या चाचणीपर्यंत थांबावंच लागलं नाही. फंक्शनल ग्रामरचा पहिला तास होता. मॅडम आल्या. बुटक्या, केस आखूड कापलेले, खुर्ची असूनही कधी खुर्चीवर न बसणाऱ्या. टेबलाच्या कडेवर टेकून म्हणाल्या, "वाक्य कसं बांधलंय ते सगळ्यांना येतंच. इथे मला दुसरं हवंय. वाक्य काय करतं ते सांगा." आणि फळ्यावर लिहिलं, आय हॅव बीन वेटिंग हिअर सिन्स मॉर्निंग.

माझा हात वर. काळ, साहाय्यक क्रियापदं, क्रियाविशेषण, सगळं घडाघडा. मॅडम ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या. मग मागच्या बाकाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही?"

भिंगरी म्हणाली, "भांडण करतंय. म्हणजे अजून केलेलं नाही, पण आता करणार. याला आधी सॉरी म्हणायचं, मग नाव विचारायचं. उलटं केलं तर संपलं."

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि तेच शब्द, जसेच्या तसे, फळ्यावर लिहिले. माझं घडाघडा त्यांनी लिहिलं नव्हतं. तीच पहिली कळ.

त्यानंतर दर तासाला तेच. एकच वाक्य नवरा बायकोला म्हणाला तर काय होतं, साहेब शिपायाला म्हणाला तर काय होतं, बोलणारा स्वतःला वाक्यात कुठे लपवतो, दोष कोणाच्या गळ्यात घालतो, असला तो विषय. मी पुस्तकं पाठ केली. जाडजूड पुस्तकांतल्या सगळ्या संज्ञा, तक्ते, उपप्रकार. मला झोपेत विचारा. पण मॅडम एखादं खरं बोलणं ऐकवायच्या, आणि मी त्यातले शब्द मोजत असायची तोवर ही डोळे मिटून म्हणायची, "ही बाई परवानगी मागत नाहीये, निघून चाललीये." आणि ते बरोबर असायचं. देवाने काही जणांना फुकटात देऊन ठेवलेलं असतं, आणि काही जणांना रांगेत उभं करून वर पावती मागतो.

घरीही तीच तऱ्हा. नवीन धुण्याचं मशीन आलं. त्याचं माहितीपत्रक आईने माझ्या डोळ्यांदेखत भिंगरीच्या हातात दिलं. मी समोर बसलेली!

"आई, मी काय मेले का?" मी म्हटलं.

"अगं, तू सगळं वाचून दाखवतेस," आई म्हणाली, "ही बटण कुठलं दाबायचं ते सांगते."

त्या दिवशी मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. भिंगरी बाम घेऊन आली आणि कपाळ चोळत बसली, तेव्हा तर जास्तच संताप आला. माणसाला नीट द्वेषही करू देत नाही ही मुलगी.

शेवटच्या सत्रात मॅडमनी मला व्हरांड्यात थांबवलं. "विभागात एक जागा निघतेय," त्या म्हणाल्या. "साहाय्यक म्हणून. पहिल्या वर्षाच्या मुलांचे तास घ्यायचे आणि माझ्या प्रकल्पात काम करायचं. वर्गात तुम्ही दोघी बहिणीच पुढे आहात. तुमच्या दोघींतली एक घेईन म्हणते. तुम्हाला दोघींना एक काम देते, त्यावरून ठरवू. बहिणीलाही सांगून ठेवा."

"हो, सांगते," मी म्हटलं.

आणि नाही सांगितलं. बसमध्ये ती माझ्या शेजारीच बसली होती, शेंगदाणे खात होती, अर्धे माझ्या हातावर ठेवत होती. सांगायला पूर्ण रस्ता होता. मी खिडकीबाहेर बघत बसले. तिला नोकरी आहे, मला नाही. तिला हे नसलं तरी चालेल, मला नसलं तर मी पुन्हा सकाळी साडीला पिन लावून घरात बसणार. असा हिशेब मी करून टाकला आणि तो मला पटलाही.

काम काय होतं ते सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. मॅडमच्या प्रकल्पात हरवलेल्या सामानाच्या खिडकीवरची खरी संभाषणं होती. लोक येतात, इंग्रजीत तक्रार करतात, कारकून उत्तर देतो. ते सगळं रेकॉर्ड करून कागदावर उतरवून घेतलेलं. प्रत्येक वाक्यासमोर एक रिकामी जागा, तिथे लिहायचं की बोलणारा या वाक्याने नेमकं काय करतोय. माहिती देतोय, मागतोय, धमकावतोय, विनवतोय, टाळतोय. एकाच माणसावर अशा कामात विसंबत नाहीत. दोघांना तेच संभाषण देतात, दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जितकं जुळेल तितकं काम भरवशाचं. फारच जुळलं नाही तर दोघांचंही बाद. आणि जिथे जुळत नाही तिथे मॅडम स्वतः ऐकून ठरवणार, बरोबर कोण.

वर्गात मॅडमनी जोड्या पाडून एवढंच सगळ्यांना समजावलं, आणि याचे गुण निकालात धरणार असंही सांगितलं. जागेचं वर्गात काही बोलल्या नाहीत. मी तिला सांगितलंय असंच त्या धरून चालल्या होत्या.

रविवारी दुपारी आम्ही बसलो. ती स्वयंपाकघरात, मी आतल्या खोलीत. मधलं दार आईने लावून घेतलं आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसली, जणू आम्ही तुरुंगातून पळणार होतो.

मी पहिलं वाक्य वाचलं. एक म्हातारा खिडकीवर सांगतोय, इट वॉज अ ब्राउन बॅग, नथिंग स्पेशल इन इट. माझ्या हाताने आपोआप लिहायला घेतलं, विधान, माहिती देणे. आणि मी थांबले. हे लिहिलं की मी हरले, हे मला कळत होतं. दोन वर्षं हेच लिहून मी दोन वर्षं हरत आले होते.

मग मी स्वतःला विचारलं, भिंगरी इथे काय म्हणेल?

आणि काय सांगू, ती बोललीच! डोळे मिटून, मान जराशी कलती करून, माझ्या डोक्यात स्पष्ट म्हणाली, "ताई, काही विशेष नसतं तर तो इतक्या लांब आला असता का? तो विनवतोय. लाज वाटतेय म्हणून असं विनवतोय." मी लिहिलं, विनवणी.

पुढचं वाक्य. भिंगरी काय म्हणेल? लिहिलं. त्यापुढचं. लिहिलं. दोन वर्षं मी तिच्या प्रत्येक उत्तरावर टपून बसले होते, कुठे चुकते ते बघायला. चुकली नाही, पण ती कशी विचार करते ते मात्र सगळं माझ्यात उतरलं होतं. जळताजळता मी तिला पाठ केलं होतं. परीक्षेत शेजारचीच्या कागदात डोकावलं तर ती कॉपी. पण शेजारची डोक्यातच येऊन बसली असेल तर तिला काय म्हणायचं? मला अजिबात लाज वाटली नाही. उलट मजा आली. संपलं तेव्हा मी दार उघडून आईला म्हटलं, "भिंगरी उठली की चहा टाक गं, आज मी खूश आहे."

भिंगरी माझ्यानंतर बऱ्याच वेळाने बाहेर आली. कपाळावर घाम. "बाप रे, ताई," ती म्हणाली, "किती अवघड होतं!" मला आणखीच बरं वाटलं.

मॅडमनी बोलावलं तेव्हा भिंगरी ड्यूटीवर होती. मी एकटीच गेले. टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी, तांबड्या पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले. मॅडम टेबलाच्या कडेवर टेकल्या होत्या.

"तुमचं दोघींचं काहीच जुळत नाही," त्या म्हणाल्या. "मी इतक्या वर्षांत असं पाहिलेलं नाही. एका घरात राहता ना तुम्ही? नियमाने दोन्ही बाद. पण बाद करण्याआधी मी सगळं पुन्हा ऐकलं. जिथे फरक आहे तिथे जवळजवळ सगळीकडे तुमचं बरोबर आहे. सुंदर काम केलंय. मला वाटलं नव्हतं, खरं सांगते."

मी नम्रपणे खाली बघितलं. आत ढोल वाजत होते.

"तुमच्या बहिणीचं मात्र..." मॅडमनी दुसरा कागद उचलला. "वर्गात ही मुलगी इतकी छान बोलते, आणि इथे बघा. माणूस समोर कोलमडलाय आणि ही लिहिते, विधान, भूतकाळ. कारकून त्याला सरळ हाकलतोय आणि ही लिहिते, माहिती देणे. जे लिहिलंय ते पुस्तकाप्रमाणे एकदम शुद्ध. पण हे लिहिणारं माणूस दुसऱ्याचं ऐकतच नाही हो. चुकायला घाबरतं. आपल्याला किती येतं ते दाखवण्यात इतकं गुंतलेलं, की समोर कोणी आहे हेच विसरलेलं. अशा माणसाच्या हाती मी मुलं कशी देऊ?"

"खरंय," मी म्हटलं. हो, म्हटलं मी. वर आणखी म्हटलं, "लहानपणापासून लक्षच नसतं तिचं."

"मग जागा तुमची," मॅडम म्हणाल्या.

मी घरी चालत गेले. बसमध्ये बसवेना. रस्त्यातली सगळी माणसं मला चांगली वाटत होती, सिग्नलला हॉर्न वाजवणारासुद्धा. पोटातली कळ पार गेली होती.

भिंगरी घरी आली तेव्हा आईने दारातच बातमी दिली. ती चपला न काढता धावत आत आली आणि तिने मला उचललंच. खरंच उचललं, जमिनीपासून. "ताई! नोकरी! कधी निघाली जागा? मला बोलली नाहीस, चोरटी कुठली! मला सरप्राइज द्यायचं होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"आणि आपलं? जुळलं ना आपलं?"

"नाही जुळलं."

ती एकदम खाली बसली. "असं कसं होईल? मी तर इतकं जपून केलं."

"जपून?" मला हसू आलं. सरळ सांगते, आवडलं मला ते विचारायला. "काय जपून केलंस? मॅडम म्हणाल्या, सगळं चुकीचं आहे."

"चुकीचं असेल गं, पण जुळायला हवं होतं. जुळलं नाही तर दोघींचं बाद होतं ना, मग तुझं वर्ष वाया जाईल म्हणून मी..." ती थांबली. "मी प्रत्येक वाक्याला विचार केला, इथे ताई काय लिहील? आणि तेच लिहिलं. मला माझं सुचत होतं, तो ब्राउन बॅगवाला आजोबा तर माझ्या जिवाला लागला. पण म्हटलं, नाही, ताई इथे विधान लिहील, भूतकाळ लिहील. तुझं असतं ना तसं, पक्कं. मला वाटलं, निदान तुझं तरी मला बरोबर ओळखता येईल. मग तू काय लिहिलं होतंस?"

मॅडमनी दोन्ही कागदांच्या प्रती माझ्याकडे दिल्या होत्या. मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं, आणि तिचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. एकेक ओळ. कुठेतरी चुकली असेल, कुठेतरी मी वेगळं लिहिलं असतं, असं शोधत होते. सापडलं नाही. ब्राउन बॅगला मी विधान लिहायला घेतलंच होतं की. कारकुनाला मी माहिती देणेच लिहिलं असतं. शब्दसुद्धा माझे, ठेवणसुद्धा माझी. कागदावर नाव तिचं होतं, पण ती मी होते.

म्हणजे मॅडम बोलत होत्या ते माझ्याबद्दल. दुसऱ्याचं न ऐकणारी मी. चुकायला घाबरणारी मी. अशा माणसाच्या हाती मुलं कशी देऊ, तर मी. आणि मी तिथे उभी राहून मान डोलवत होते, खरंय म्हणून!

संताप तर इतका आला की कागद फाडावासा वाटला. कोणाचा संताप, ते विचारू नका. तिने मुद्दाम माझ्यावर उपकार केले असते तर मी भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, सुटले असते. पण तिने उपकारसुद्धा केले नव्हते. तिला फक्त माझ्याशी जुळवून घ्यायचं होतं. आणि मला ते कधी सुचलंच नव्हतं. मला तिच्यासारखं व्हायचं होतं ते तिला हरवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तास सुरू व्हायच्या बऱ्याच आधी मी मॅडमच्या खोलीत गेले. चांगुलपणा सुचला म्हणून नाही हं. मला सहन होईना म्हणून. माझ्या नावावर ती जिंकली होती आणि तिच्या नावावर मी हरले होते, आणि हे मला एकटीलाच माहीत असणं मला झेपणारं नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं, "तो चुकीचा कागद माझा आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. माझ्या डोक्यात ती कशी बोलली ते, तिच्या डोक्यात मी कशी बोलले ते. बसमधलं शेंगदाण्यांचंही सांगितलं, जागेचं तिला न सांगितल्याचं. कधी खुर्चीवर न बसणाऱ्या मॅडम आज खुर्चीवर बसल्या.

"तुमच्या बहिणीला कळलंय हे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "मग मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या.

मी नंबर फिरवला. ती घरी होती, आईला मशीन लावून देत होती, मागे पाण्याचा आवाज येत होता. मी एका दमात बोलले. जागा एकच होती, आपल्या दोघींसाठी होती, मी तुला मुद्दाम सांगितलं नाही, मी तुझ्यासारखं लिहून ती घेतली, आता ती तुझी आहे, मॅडम समोर बसल्यात, हो म्हण. हे बोलताना, खोटं कशाला सांगू, मला जरा मोठं वाटत होतं. निदान सोडून देणारी तरी मी आहे. निदान एवढं तरी माझं.

पलीकडे पाण्याचा आवाज बंद झाला. मला वाटलं, आता चिडेल. चिडावं असं फार वाटत होतं मला. शिव्या दे, फोन आपट, काहीतरी कर, म्हणजे आपण एकदाच्या सारख्या होऊ.

"मग तुझं काय गं, ताई?" भिंगरीने विचारलं.

झालं. एवढं मोठेपणही तिने माझ्या हातात राहू दिलं नाही. तिला उत्तर हवं होतं, खरंच हवं होतं, ती फोन धरून थांबली होती. आणि मला एवढंच आठवत होतं की दोन वर्षांत, एवढी टपून बसले होते तिच्यावर, तरी तिचं काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.